बापाच्या नावाची सुई

कडुबाच्या नावावर उभं राहायचं काम राजेंद्र मिसरूड फुटल्यापासून करत आला होता. रेशनच्या रांगेत बापाचं कार्ड घेऊन तोच, सोसायटीच्या सभेला तोच, ग्रामसभेच्या वहीत बापाच्या नावाची सही ठोकणाराही तोच. कडुबाला रांगेचा भारी तिटकारा. पासष्टीतही म्हातारा पेरूच्या झाडावर सरसर चढायचा. पण खिडकीपुढं उभं राहा म्हटलं की लगेच त्याचे गुडघे दुखायला लागायचे. गावात घरोघरी हेच चालायचं. ग्रामसेवक स्वतःच म्हणायचा, "टाक रे तूच सही, म्हाताऱ्याला कशाला हेलपाटा." या सवयीनंच घात केला, असं आता सगळे म्हणतात. तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं.

दौलताबादच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा पेरूचा स्टॉल. चार बांबू, वर हिरवी जाळी, पुढं फळी. मागं लागूनच दीड एकराची बाग. सकाळी दव वाळायच्या आत तोडणी सुरू व्हायची. कडुबा झाडावर, राजेंद्र खाली. देठाला एक पान ठेवूनच फळ तोडायचं, ही कडुबाची शिस्त. बिनपानाचा पेरू त्याला उघडाबोडका वाटायचा. त्याची बायको द्वारकाबाई गोणपाटावर फतकल मारून मोठी-बारीक फळं निवडायची आणि सून निशा क्रेट भरून फळीवर मांडायची. मग कडुबा हातपाय धुऊन स्टॉलवर बसायचा. पेरूच्या चार फोडी करून, मीठ-तिखट लावून गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो असा काही बोलायचा की माणूस आणखी किलोभर घेऊनच गाडीत बसायचा.

मार्चमध्ये करोनाची पहिली सुई नवरा-बायकोनं जोडीनं घेतली. द्वारकाबाईला काही झालं नाही. कडुबा मात्र तीन दिवस तापानं फणफणला. "अंगावरून ट्रॅक्टर गेला माझ्या," असं तो महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. दुसऱ्या सुईच्या दिवशी गावची आशाताई, गीताबाई, बोलवायला आली, तर हा झाडावर जाऊन बसला.

"कडुबामामा, उतरा खाली," गीताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"उतरतो की. तू हो पुढं."

तास झाला तरी तो उतरला नाही. शेवटी गीताबाई द्वारकाबाईलाच हाताला धरून घेऊन गेली. द्वारकाबाईला साखरेचा आजार होता, त्यामुळं तिच्या बाबतीत गीताबाई ऐकून घ्यायला तयारच नव्हती. पुढं चार दिवस गावात कडुबाच्या नावानं हसू चाललं होतं आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसत होता.

मग दिवाळीची सुट्टी आली. किल्ल्यावर माणसांची रीघ, बाग ऐन बहरात. आणि नेमका तेव्हाच ग्रामपंचायतीचा भोंगा गावातून फिरला, की दोन्ही सुयांचं प्रमाणपत्र नसेल त्याला रस्त्याला बसता येणार नाही. स्टॉल कडुबाच्या नावावर. भाऊबीजेच्या दिवशी शाळेत शिबिर लागलं. द्वारकाबाई भावाकडं चितेगावला गेली होती. स्टॉलपुढं गाड्यांवर गाड्या थांबत होत्या.

"अण्णा, जाऊन या एवढं," राजेंद्र म्हणाला.

"एवढी गिऱ्हाइकं टाकून? अन् परत तीन दिस ताप आला तर तोडणी काय तुझा बाप करील?"

"माझा बापच करतो तोडणी."

दोघंही हसले. कडुबानं फोडीला तिखट लावता लावता बंडीच्या खिशातून आधार कार्ड काढलं आणि पोराच्या हातात दिलं. "तूच जा. घेऊन टाक माझ्या नावावर. तुला कुठं ताप येतो."

राजेंद्रच्या स्वतःच्या दोन सुया कधीच झाल्या होत्या. तो घटकाभर थांबला असेल, नसेलही. शाळेत ही गर्दी. सिस्टर शहरातून आलेली, नवी. नाका-तोंडाला मास्क बांधलेल्या माणसाचं वय तिला कुठून कळणार? तिनं नंबर घातला, नाव विचारलं. राजेंद्र म्हणाला, "कडुबा." सुई डाव्या दंडात गेली, मोबाईलवर मेसेज आला. तासाभरात प्रमाणपत्र छापून स्टॉलच्या बांबूला लावून झालं. द्वारकाबाईला दोघांनीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं दोघांना सोलून काढलं असतं, आणि फार बरं झालं असतं.

संक्रांतीच्या तोंडावर नवी लाट आली. शहरातले आकडे रोज वाढत होते. किल्ला बंद झाला. रस्ता ओस पडला आणि झाडाखाली पिकल्या पेरूंचा सडा पडू लागला. गावातल्या चहाच्या टपरीवर मात्र गर्दी, कारण कुणालाच काम नव्हतं. मास्क सगळ्यांकडं होते, हनुवटीखाली.

"आधी म्हणले एक घ्या. मंग म्हणले दोन घ्या. आता म्हणतेत तिसरी घ्या," तात्यासाहेब म्हणाले. हे माजी सरपंच. टपरीच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली आणि मतही. "माणसाला काय कपाशी समजले का काय, दर पंधरा दिसाला फवारणी!"

लोक हसले. चितेगावच्या कारखान्यात जाणारा इंद्रजीत तेवढा हसला नाही. "तात्यासाहेब, सुईचा जोर उतरतो हळूहळू. म्हताऱ्या माणसाला लवकर उतरतो. म्हणून परत द्यायची."

"तुला कंपनी पगार देती म्हणून तू घेतो. आम्हाला कोण देतं?"

"जिवासाठी घेतो मी."

"अन् मागच्या वेळी ज्यांनी घेतली त्यांना झालंच नाय का?"

असा वाद रोज व्हायचा. कडुबा एरवी तात्यासाहेबांच्या बाजूनं माना डोलवायचा. पण त्याच आठवड्यात शेजारच्या स्टॉलवरचा कचरू गेला. अंजीर विकायचा. कडुबाच्याच वयाचा, लंगोटीयार. त्यानं एकही सुई घेतली नव्हती. सोमवारी खोकत होता आणि शनिवारी नव्हता. कडुबा दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून तयार झाला.

"द्वारके, चल शाळेत. बुस्टर चालू झालंय. घेऊन येऊ दोघं."

राजेंद्र फळीवर पेरू मांडत होता. तो हातातलं फळ ठेवून पुढं आला. "अण्णा," त्यानं बापाला बाजूला घेतलं, "तुम्हाला देतेत का नाय, ठावं नाय."

"देत्याल की. म्हताऱ्यांना आधी, असं गीताच सांगत व्हती."

शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. सिस्टर, शेजारी ग्रामसेवक, खुर्चीवर एक पोलीस पेंगत बसलेला. गेल्याच आठवड्यात पलीकडच्या गावातल्या दोघांवर खोट्या प्रमाणपत्रावरून गुन्हा नोंदवला होता, हे राजेंद्रला माहीत होतं. सिस्टरनं कडुबाचा नंबर घातला.

"बाबा, तुमचा दुसरा डोस नोव्हेंबरात झालाय. तिसरा नऊ महिन्यांनी. ऑगस्टमध्ये या."

कडुबानं राजेंद्रकडं बघितलं. राजेंद्र खाली बघत होता. एक शब्द बोलायचा होता. 'ती मी घेतली, यांची अजून राहिलीय,' एवढंच. सिस्टरनं तिथल्या तिथं कडुबाला दुसरी सुई दिली असती. पोलीस पेंगतच होता, त्याची तरी काय भीती. पण राजेंद्र घाबरला. ही गोष्ट सांगताना त्याला पाठीशी घालायची माझी इच्छा नाही.

बापानंच त्याला सोडवलं. "व्हय का बाई? झाली का माझी? आजकाल ध्यानात राहत नाय बघा," असं म्हणून कडुबा ओशाळं हसला. ग्रामसेवकही हसला. साठ-पासष्ट वर्षं ज्यानं कुणापुढं मान खाली घातली नव्हती, तो माणूस स्वतःला विसरभोळा म्हणवून घेऊन ओटा उतरला.

"आजी, तुमची वेळ झालीय. बसा," सिस्टर द्वारकाबाईला म्हणाली.

"मला आज, अन् ह्यांना ऑगस्टात? मंग मी बी तव्हाच घेती."

"आजी, तुम्हाला शुगर आहे."

"असू दे. मागच्याला गीतानं ओढून नेलं व्हतं, आता नाय. पंचेचाळीस वरसं ह्यांच्या आधी घास घेतला नाय तोंडात. सुई काय घेती!"

गीताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. कडुबा म्हणाला, "घे की गं." पण ती पदर खोचून चालायला लागली होती, आणि एकदा ती चालायला लागली की गावातला कुणी तिला थांबवू शकत नव्हता.

वाटेत ती पुढं गेल्यावर राजेंद्र बापाला म्हणाला, "उद्या मी गीताताईला खरं सांगतो."

"गप बस. केस करतेल, स्टॉल उठवतेल. एवढा पेरू झाडावर हाय. हंगाम सरू दे, मंग सांगू."

राजेंद्रला हे ऐकून हायसं वाटलं. पुढं आयुष्यभर त्याला बोचणार आहे ते हेच, की त्या क्षणी त्याला हायसं वाटलं होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी कडुबा झाडावर चढला आणि अर्ध्यातून खाली आला. बुंध्याला हात टेकून उभा राहिला. "दम लागला जरा," म्हणाला. राजेंद्रनं त्याला बाजेवर बसवलं. दुपारपर्यंत अंग तापलं. द्वारकाबाईनं तुळशीचा काढा पाजला, छातीला तेल चोळलं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी निशा चहा घेऊन आली, कप हातात देताना थबकली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "मामांची नखं बघा. निळी पडलीत."

पेरू वाहायच्या टेम्पोतच गादी टाकून त्याला शहराकडं नेलं. राजेंद्र मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. खड्डा आला की कडुबाचं डोकं हलायचं आणि राजेंद्र दोन्ही हातांनी ते धरायचा. बापाच्या डोक्याला त्यानं असा हात कधी लावला नव्हता. छावणीच्या कमानीपाशी आल्यावर कडुबानं डोळे उघडले.

"बोलू नको कुणाजवळ," तो म्हणाला.

"अण्णा, डॉक्टरला तरी..."

"नको. मी बरा व्हऊन येतो. तू फसशील."

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं फॉर्म भरताना विचारलं, "डोस किती झालेत?"

राजेंद्रनं तोंड उघडलं. मागं रांग होती. "दोन," तो म्हणाला. माणसानं 'दोन' लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कडुबा गेला. काचेच्या बाहेरून राजेंद्रनं त्याचे पाय तेवढे बघितले. झाडावर चढून चढून तळव्यांना घट्टे पडलेले, अंगठे बाजूला वळलेले पाय. चारच माणसं जाळायला गेली. द्वारकाबाईला तोंडसुद्धा बघू दिलं नाही. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या; कुणालाच काही निघालं नाही.

आणि मग बसायला येणारी माणसं सुरू झाली. अंगणात सतरंजी टाकलेली. येणारा टेकायचा, उसासा टाकायचा, थोड्या वेळानं तोच प्रश्न विचारायचा. द्वारकाबाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसलेली असायची. ती तिथूनच सांगायची, "दोन्ही झाल्या व्हत्या ह्यांच्या. कागद बी लावला व्हता बांबूला." सांगताना तिच्या आवाजात अभिमान असायचा. नवरा सरकारचं ऐकूनच गेला, नियमानं वागून गेला, एवढाच तिला आधार होता. राजेंद्र दर वेळी ते ऐकायचा. पहिले दोन दिवस त्याला वाटलं आपण उठून जावं. मग त्याला उठायचंही बळ राहिलं नाही.

ते बोलणं अंगणातून टपरीवर गेलं, टपरीवरून वस्त्यांवर. दोन घेऊन कडुबा गेला, मग तिसरी कशाला? ज्यांनी नावं दिली होती त्यांनी मागं घेतली. गीताबाई दारोदार फिरून थकली. जिवंतपणी ज्या कडुबाला कुणी कधी मत विचारलं नव्हतं, त्याचा दाखला आता गाव देत होतं.

सातव्या दिवशी तात्यासाहेब आले. सात-आठ माणसं बसलेली, इंद्रजीतही होता. तात्यासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. कडुबाचा त्यांना खरंच लळा होता. मग ते म्हणाले, "इंद्रजीत, आता बोल. दोन-दोन घेतल्या माणसानं. गेलाच ना? मंग कशाला लोकाला भरीला घालतो?"

इंद्रजीत सतरंजीचा धागा ओढत बसला. मयताच्या अंगणात काय बोलणार?

तेवढ्यात गीताबाई आली. हातात यादी. ती सरळ उंबऱ्यापाशी गेली. "मामी, सुतकात बोलवू नये, पण सिस्टर आज दुपारपर्यंतच हाय शाळेत. मंग इकडं कधी येतील सांगता यायचं नाय. तुमची साखर बघता..."

"मी नाय घेत गं," द्वारकाबाई शांतपणे म्हणाली. "ह्यांनी दोन घेतल्या, काय झालं? मला काय करायचंय आता राहून."

"बरोबर बोलली माउली," तात्यासाहेब म्हणाले.

राजेंद्र उठून उभा राहिला. निशाला वाटलं पाणी आणायला उठला असेल. त्याला बापाचं टेम्पोतलं बोलणं ऐकू येत होतं, आणि समोर आई बसली होती, रोज थोडी थोडी वाळत चाललेली.

"माय, अण्णांनी दोन नव्हत्या घेतल्या," तो म्हणाला.

"काय?"

"एकच झाली व्हती त्यांची. मार्चमधली. भाऊबीजेला तू चितेगावला गेली व्हती, तव्हाची सुई मी घेतली. त्यांच्या नावावर. मीच बसलो शाळेत मास्क लावून."

सगळ्यांत आधी तात्यासाहेब भानावर आले. "अरे, डोकं ठिकाणावर हाय का? हे काय चारचौघांत बोलायचं हाय व्हय? केस व्हईल तुझ्यावर."

"व्हऊ द्या."

"बापाच्या माघारी बापाला खोटं पाडतो?"

"मी खोटा हाय तात्यासाहेब. अण्णांना घेता आली असती दुसरी. त्या दिवशी शाळेत मी बोललो असतो तर तिथंच दिली असती त्यांना. मी बोललो नाय." एवढं बोलून त्याला रडू फुटलं. चाळीस वर्षांचा बाप्या माणूस सगळ्यांसमोर तोंड झाकून रडायला लागला.

द्वारकाबाईनं त्याचं रडणं जरा ओसरू दिलं. मग तिनं विचारलं, "ह्यांना ठावं व्हतं?"

"व्हय, माय."

"त्या दिवशी सिस्टर ऑगस्ट म्हणली, तव्हा बी ठावं व्हतं?"

"व्हय."

"अन् हे हसले," ती म्हणाली. "हसून खाली उतरले. मला वाटलं, खरंच विसरले."

ती भिंतीला धरून उठली. रडली नाही. पायात चपला घातल्या आणि उंबरा ओलांडला. सात दिवसांची विधवा बाई दिवसाढवळ्या सुतकात घराबाहेर पडतेय म्हटल्यावर शेजारच्या बायका दारात आल्या. "अगं बाई, दहावं तरी व्हऊ दे," असं कुणीतरी म्हणालं. द्वारकाबाईनं ऐकलं की नाही कोण जाणे. सतरंजीवरची माणसं अंग चोरून बाजूला झाली. पोराच्या जवळून ती गेली, पण त्याच्याकडं बघितलं नाही. निशा आणि गीताबाई तिच्या मागून निघाल्या आणि त्यांच्या मागून, वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवून, राजेंद्र.

शाळेत शुकशुकाट होता. सिस्टर मोबाईल बघत बसली होती. द्वारकाबाईच्या मोकळ्या कपाळाकडं बघून ती गडबडली, खुर्ची पुढं सरकवली. गीताबाईनं नंबर सांगितला. द्वारकाबाईनं बाही वर केली. दंड कातडी लोंबलेला, सुकून गेलेला. सुई गेली तेव्हा ती हललीसुद्धा नाही.

"झालं आजी. अर्धा तास इथंच बसायचं," सिस्टर कापूस दाबत म्हणाली. आज सकाळपासून तिच्याकडं फार कुणी आलं नव्हतं. तिनं पुढची बाटली आधीच काढून ठेवली होती. "घरात आणखी कुणाची राहिलीय का? सांगा, लगेच करून टाकू."

राजेंद्र दारात येऊन उभा होता. आईनं त्याच्याकडं बघितलं. अंगणातून निघाल्यापासून पहिल्यांदाच बघितलं.

"राहिलीय एकाची," द्वारकाबाई म्हणाली. "दुसरी."

"नाव सांगा ना."

लग्नातल्या उखाण्यानंतर पंचेचाळीस वर्षांत तिनं ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, तहसीलला, कुठंही विचारलं की ती पदराआडून पोराकडं बोट करायची आणि पोरगा सांगायचा. आताही सिस्टरनं सवयीनं राजेंद्रकडंच बघितलं. तो सांगायला पुढं झाला, तर द्वारकाबाईनं हात वर करून त्याला थांबवलं.

"कडुबा," ती म्हणाली.

सिस्टरनं मान डोलावली आणि मोबाईलवर नाव शोधायला लागली.